‘धाकटा तेवढा मिळेल का?’



या वेळी बिनकांदा-लसणाच्या मसाल्याची कृती देईन असं म्हटलं होतं. ती पुढच्या वेळी. आज डोक्यात दुसरंच घोळतंय आणि ते लिहून टाकल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

दशलक्षण पर्व संपलं, क्षमावाणी झाली. दुसऱ्या दिवशी आमच्या महिला मंडळानं जवळच्या मुलींच्या बालगृहात जेवण दिलं. शिरा-पुरी, दोडक्याची भाजी, मुगाची आमटी. दरवर्षीचं आहे हे. मी तिथे गेली चार वर्षं शनिवारी मुलींचा अभ्यास घ्यायला जाते, त्यामुळे मुली मला ओळखतात. त्यातली एक दहा वर्षांची. जेवण झाल्यावर ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “काकू, शिऱ्याचे दोन द्रोण बाजूला ठेवता का? भावांना पाहिजेत.”

भाऊ तिथे नव्हतेच. सात वर्षांचा आहे तो मुलांच्या बालगृहात, दुसऱ्या तालुक्याच्या गावी. तीन वर्षांचा आहे तो जिल्ह्याच्या गावी शिशुगृहात. एका आईची तीन मुलं तीन छपरांखाली. शिरा त्यांच्यापर्यंत पोचणार कसा, हे त्या पोरीच्या डोक्यात आलंच नव्हतं. गोड झालं की भावांसाठी काढून ठेवायचं, एवढंच तिला माहीत.

अधीक्षक बाईंनी मग सांगितलं, की तिघांना दत्तक घ्यायला इटलीतलं एक जोडपं तयार आहे. तिघांनाही, एकत्र. कागदपत्रं चालू आहेत.

यावर आमच्या मंडळात काय बोलणं झालं ते जसंच्या तसं सांगते. एक म्हणाली, “अगं बाई, इटली! मांस-मच्छी खायला घालतील. भाषा गेली, धर्म गेला, सगळं गेलं.” दुसरी म्हणाली, “नशीब काढलं पोरांनी!” आणि तिसरी, जी माझी चांगली मैत्रीण आहे, ती अधीक्षक बाईंना बाजूला घेऊन म्हणाली, “माझ्या भाचीला मूल नाही हो. धाकटा तेवढा मिळेल का?”

ती दुष्ट नाही. भाचीच्या काळजीनंच बोलली. पण तेव्हापासून ते वाक्य माझ्या कानातून जात नाही. ‘धाकटा तेवढा.’ बाजारात पेंडी सोडून चांगल्या शेंगा तेवढ्या निवडून घ्याव्यात, तसं.

आता जे लिहिते आहे त्यात मुलांची नावं, गाव, आई-वडिलांची हकिकत काहीच सांगणार नाही, आणि कुणी विचारूही नका. अशा मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमानं बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. सांगायचं आहे ते आपल्याबद्दल.

आधी तीन छपरांचं सांगते, कारण ते पुष्कळ जणींना माहीत नसतं. अनाथाश्रम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकच मोठं घर येतं. तसं नसतं. सहा वर्षांपर्यंतची मुलं शिशुगृहात, त्यापुढची बालगृहात, आणि बालगृहं मुलांची वेगळी, मुलींची वेगळी. यामागे सुरक्षिततेचा विचार आहे, मला तो समजतो. पण त्यामुळे होतं काय, की ज्या दिवशी मुलांचे आई-वडील जातात आणि काका ‘मला झेपणार नाही’ असं लिहून देतो, त्याच्या पाठोपाठ भावंडंही एकमेकांपासून तुटतात. कुणाचाच तसा हेतू नसतो. वय आणि मुलगा-मुलगी हे दोन रकाने भरले की ते आपोआप होतं. कागदावर मात्र ती ‘भावंडांचा गट’ म्हणून एकत्रच असतात.

आता परदेशाचं. “आपली मुलं परदेशी का देतात?” असं तावातावानं विचारणाऱ्यांनी कायदा नीट समजून घ्यावा. १९८० च्या दशकात लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी परदेशी दत्तकातल्या गैरप्रकारांबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयानं ते पत्रच याचिका म्हणून घेतलं आणि न्यायमूर्ती भगवतींनी १९८४ मध्ये निकाल दिला, की मुलाला आधी इथेच घर शोधा. इथे मिळालं नाही तरच परदेशाचा विचार करा. पुढे १९९० मध्ये ‘कारा’ ही केंद्राची दत्तक संस्था निघाली. २००३ मध्ये भारतानं हेग करार मान्य केला. आज २०१५ चा बाल न्याय कायदा म्हणतो, की मूल दत्तकासाठी मोकळं झाल्यापासून साठ दिवसांत भारतीय किंवा अनिवासी भारतीय घर मिळालं नाही, तर ते परदेशी दत्तकासाठी मोकळं होतं. आणि त्याच कलमात पुढे लिहिलंय, की परदेशी देताना अपंग मुलं, भावंडं आणि पाच वर्षांवरची मुलं यांना प्राधान्य देता येईल.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. अपंग, भावंडं, पाच वर्षांवरची. हीच मुलं का? कारण ती आपल्याला नको असतात. आपल्या नावडीची यादी कायद्यात छापली गेली आहे, आणि आपण मात्र इटलीवाल्यांना नावं ठेवतो.

काराचे २०२४-२५ चे आकडे पाहा. त्या वर्षी देशात एकूण ४,५१५ दत्तकं झाली, त्यातली ४,१५५ देशातल्या देशात. म्हणजे परदेशी गेलेली मुलं ३६०. दुसरीकडे नोंदणी करून वाट पाहणारी जोडपी हजारोंनी आहेत, आणि बाळासाठी त्यांना तीन-तीन वर्षं थांबावं लागतं. मग इतकी जोडपी रांगेत असताना ही तिघं साठ दिवसांत कुणालाच का नकोत? नोंदणीच्या वेळी पसंती सांगायची असते: वय, मुलगा की मुलगी, राज्य, प्रकृती, एकच मूल की भावंडं. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. दोन वर्षांच्या आतलं, निरोगी, एकच. तिथेच ही तिघं गाळली जातात.

गाळण्यावरून आठवलं. आपल्या घरात पाणी गाळून घ्यायची रीत आहे. माझ्या सासूबाई आडाचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायच्या आणि मग ते फडकं उलटं करून, गाळलेल्या पाण्यानं हलक्या हातानं खळबळून, ते पाणी परत त्याच आडात सोडायच्या. दुसऱ्या आडात नाही, मोरीत तर नाहीच. त्याच आडात, आणि तेही उंचावरून ओतायचं नाही, पोहरा खाली पोचवून सोडायचं. लग्न होऊन आले तेव्हा मला ते फार किचकट वाटायचं. एकदा मी विचारलं, “आत्या, पाणी कुठेही टाकलं तर काय बिघडतं?” त्या म्हणाल्या, “जीव ज्या पाण्यातला, त्याच पाण्यात जगतो गं. दुसरं पाणी त्याला मानवत नाही.”

डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची इतकी काळजी घेणारी माणसं आहोत आपण. मग समोर बसून जेवणाऱ्या, भावांसाठी द्रोण बाजूला काढणाऱ्या जिवाबद्दल ‘धाकटा तेवढा’ असं आपल्या तोंडून निघतंच कसं? त्या मुलांना त्यांचं पाणी आता एकच उरलंय. आई नाही, बाप नाही, घर नाही, गाव नाही. एकमेकं आहेत.

“निदान धाकट्याचं तरी कल्याण होऊ दे, थोरल्यांपायी त्याचं नुकसान का?” असं विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगते. दत्तक दिल्यावर कायद्यानं मुलाचं जन्मघराशी असलेलं नातं तुटतं. त्याचे आई-वडील बदलतात, आडनाव बदलतं. म्हणजे धाकटा एका घरी आणि थोरली दुसरीकडे अशी गेली, तर कायद्याच्या लेखी ती एकमेकांची कुणी राहत नाहीत. आपल्यात बहिणी-बहिणींची लग्नं दोन गावांत झाली तरी माहेर एक असतं. यांचं माहेर कुठलं? ते एकमेकांच्या आठवणीत तेवढं असतं. तीन वर्षांच्या मुलाला आई आठवत नाही. पण आई कशी होती, अंगाई कुठली म्हणायची, भात कसा कालवायची, हे सांगणारी थोरली बहीण त्याच्याजवळ आहे. ती काढून घेतली की तो खरा अनाथ. आणि तिच्याकडून तो काढून घेतला, तर तिला उरलेलं आयुष्य वाटत राहणार, की मी मोठी झाले म्हणून मला कुणी घेतलं नाही.

नियमसुद्धा भावंडांना शक्यतो एकाच घरात द्यावं असंच सांगतात. संयुक्त राष्ट्रांनी २००९ मध्ये पालकांविना वाढणाऱ्या मुलांसाठी मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली, त्यांतही हेच आहे. पण नियमातल्या ‘शक्यतो’ला पळवाट काढणारी माणसं आपणच असतो. ओळख काढायची, अध्यक्षांकडून फोन करवायचा, ‘बघा ना काही जमतं का’ म्हणायचं. माझी विनंती आहे, हे कुणी करू नका. भाचीला मूल हवं असेल तर तिनं रीतसर नोंदणी करावी आणि पसंतीच्या जागी भावंडं असं लिहावं.

दुसरी गोष्ट, धर्म बुडण्याची. मलाही ती पोरं काय खातील याचा विचार येतो, खोटं कशाला बोलू? मराठी जाईल याचं तर फारच वाईट वाटतं. पण ज्यांना त्यांच्या ताटाची आज इतकी काळजी आहे, त्यांनी दोन वर्षांत स्वतःच्या ताटाशेजारी त्यांच्यासाठी तीन ताटं का नाही मांडली? मंडळात मी हे विचारलं तेव्हा पहिला प्रश्न आला, “पण कुठल्या जातीची आहेत?” घ्या! आपल्या मंदिराच्या सभागृहात कर्मवीर भाऊराव पाटलांचा फोटो आहे. कुंभोजचे, आपल्यातले, म्हणून आपण छाती फुगवतो. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी ज्यांनी अंगावरचे दागिने मोडले, अगदी मंगळसूत्रसुद्धा, त्या लक्ष्मीबाईंनी ती मुलं कुठल्या जातीची, हे विचारलं नव्हतं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला जेवायची. फोटोला हार घालणं सोपं आहे.

आणि तिसरी, ‘नशीब काढलं’वाली. हिचा मला राग कमी येतो, पण हेही बरोबर नाही. परदेश म्हणजे स्वर्ग नव्हे. सात वर्षांच्या मुलानं शाळेत गेल्यावर एक शब्द कळू नये, आरशात पाहिलं की आपण घरातल्या कुणासारखेच दिसत नाही हे दिसावं, हे सोपं नाही. परदेशी दत्तकात पूर्वी पैशांचे गैरव्यवहार झाले, आपल्या राज्यातल्या संस्थांवरही आरोप झाले, चौकशा झाल्या. म्हणूनच आज इतके कागद लागतात: त्या देशातल्या मान्यताप्राप्त संस्थेचा गृहभेटीचा अहवाल, काराचं ना-हरकत प्रमाणपत्र, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. २०२१ च्या दुरुस्तीनंतर हा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. मुलं गेल्यावरही दोन वर्षं अहवाल यावे लागतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. आणि आदेशाआधी मुलाच्या वयाप्रमाणे, समजुतीप्रमाणे त्याची इच्छा लक्षात घ्यावी लागते. दहा वर्षांच्या मुलीला पुष्कळ समजतं. तिला कुणी नीट बसवून विचारलं पाहिजे, आणि ती ‘नको’ म्हणाली तर तेही ऐकलं पाहिजे. ‘एवढं चांगलं स्थळ आलंय’ अशा थाटात नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. पहिलं, मुलं नातेवाइकांपासूनच तुटू नयेत. त्या काकाला मी दोष देत नाही. त्याची स्वतःची चार खाणारी तोंडं आहेत. पण राज्याची बालसंगोपन योजना आहे, क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाची, एका मुलामागे महिना २,२५० रुपयांची. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये महिना ४,००० रुपये आहेत. निकषात बसणाऱ्या नातेवाइकाला यातला आधार मिळू शकतो, हे त्याला वेळेवर कुणी सांगितलं होतं का? गावातल्या एकाही शिकलेल्या बाईनं अर्ज भरून दिला असता, तर कदाचित ही वेळच आली नसती. दुसरं, नातेवाईक नसतील तर आपल्यातल्या कुणी तिघांना एकत्र घ्यावं. आणि तिसरं, आपल्यातलं कुणीच पुढे येत नसेल, तर जे येतात त्यांना तोंड भरून आशीर्वाद द्यावा. इटलीतलं ते जोडपं आपलं काही हिसकावून नेत नाही. आपण ओलांडून पुढे गेलो, त्या मुलांपाशी ते थांबले.

आता “तू का नाही घेतलंस?” असं तुमच्या मनात आलं असेल. विचारायलाच हवं.

पंधरा वर्षांपूर्वी, मुलगा मोठा झाल्यावर, मला दुसरं मूल हवं होतं आणि होत नव्हतं. आम्ही दोघं एका संस्थेत गेलो होतो. तिथे दोन बहिणी होत्या, सहा आणि चार वर्षांच्या. हात धरून उभ्या होत्या. संस्थेतल्या ताई म्हणाल्या, “या दोघी आहेत.” मी म्हणाले, “आम्ही एकच बघतोय, लहान.” माझ्या तोंडून ‘बघतोय’ हाच शब्द गेला होता. त्या दोघींच्या देखत. घरी येताना गाडीत आम्ही दोघंही गप्प होतो. पुन्हा गेलो नाही, आणि त्या दोघींचं काय झालं हे मी कधी विचारलंही नाही. मैत्रिणीच्या ‘धाकटा तेवढा’चा मला इतका राग का आला, ते तुम्हाला आता कळलं असेल.

आज इच्छा आहे, तर वय नाही. तीन वर्षांच्या मुलासाठी नवरा-बायकोच्या वयाची बेरीज नव्वदच्या आत लागते. आमची एकशे आठ आहे. हे म्हणाले, “आपण उशीर केला.” दुसरं काय म्हणणार?

म्हणून जे हातात आहे ते करतो आहोत. मंडळात पुष्कळ वादावादी झाली, पण एक ठरलं. बाल कल्याण समितीची परवानगी घेऊन दर रविवारी दोन्ही भावांना बहिणीकडे आणायचं, गाडीचा खर्च मंडळाचा. तीन रविवार झाले. पहिल्या वेळी धाकटा बहिणीकडे जाईना, अधीक्षक बाईंच्याच पदराआड लपला. ती काही बोलली नाही. जमिनीवर बसली, वाटीत वरण-भात कालवला आणि वाट बघत राहिली. अर्ध्या तासानं तो आपणहून येऊन तिच्या मांडीवर बसला. शेवटी तो तिथेच झोपला, आणि मधला त्याच्या पायाशी.

माझ्या मैत्रिणीनं हे पाहिलं. ‘धाकटा तेवढा’ म्हणालेल्या मैत्रिणीनं. ती परत तसं म्हणाली नाही. परवा तिनं भाचीला फोन केला आणि भावंडांचं विचारून बघ म्हणाली. भाची काय ठरवते ते तिचं ती जाणे. या तिघांचं नाव त्यात नाही. त्यांची वाट आता ठरत आली आहे. पण दुसऱ्या कुठल्या दोघांची, तिघांची असेल.

शनिवारी अभ्यास झाल्यावर थोरलीनं मला इटली नकाशात दाखवायला सांगितलं. मी दाखवलं. समुद्र बघून तिनं विचारलं, “काकू, तिकडे आम्हाला तिघांना एका खोलीत झोपू देतील का?”

मी म्हणाले, विचारून घेऊ. अधीक्षक बाईंनी पुढच्या व्हिडिओ कॉलवर हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारायचं कबूल केलं आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या ओळखीत, नात्यात कुणी दत्तकाचा विचार करत असेल, तर त्यांना एवढंच विचारा: एकच का? दोघं का नाहीत? घर लहान आहे म्हणतील. तिघांना एक खोली पुरते, ते मी तुम्हाला आत्ताच सांगितलं.

कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. पण लिहिलेलं मागे घेत नाही.